वर उचललेला हात

कोल्हारच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली. माझी बॅग रॅकवर ठेवायला पप्पांनी हात उचलला आणि मी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसले. भरल्या गाडीत.

"मारतोय व्हय मी तुला?" पप्पा हसत म्हणाले.

शेजारची बाईही हसली. "लई भित्री हाय पोरगी. एकटी कशी ऱ्हायची?"

नंतर पप्पांनी खिडकीतून पाण्याची बाटली दिली. त्यांचे डोळे भरले होते. ज्या पट्ट्याने मी मार खाल्ला तो त्यांचाच होता आणि ते डोळेही त्यांचेच. अशा घरांतून बाहेर पडलेल्या आमच्यासारख्या मुलींना हे वेगळं सांगायला नको.

घरी पप्पांची गाडी उसाच्या शेताजवळच्या वळणावर वाजली की मम्मी टीव्ही बंद करायची आणि मी पुस्तक उघडायचे. "गप ऱ्हायचं, मंग लवकर थंड व्हत्यात," ती सांगायची. मी गप राहण्यात हुशार झाले. इंग्लिश मीडियमच्या शाळेत सगळे मला 'डिसेंट' म्हणायचे.

वाटलं होतं, नोकरीसाठी पुण्यात पोचलं की हे संपलं. पण ऑफिसात एक प्रोजेक्ट पार पडला, टीम लीडने हाय-फाइव्हसाठी हात वर केला आणि मी डेस्कच्या आडोशाला बसले. सगळे हसले. एक मैत्रीण हसली नाही. तिनेच मला थेरपिस्टकडे नेलं.

नीतामॅडमना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं, स्वच्छ इंग्रजीत, प्रेझेंटेशन दिल्यासारखं. त्यांनी मध्येच मराठीत विचारलं, "हे बोलताना पायांची बोटं काय करताहेत?" बोटं चपलेत घट्ट आवळलेली होती. मला पत्ताच नव्हता.

पुढे बोलणं कमी झालं. पावलं फरशीवर टेकवायची, पाठीला भिंत लागू द्यायची, त्यांची खुर्ची किती लांब हवी ते मी सांगायचं. मग त्या हळूहळू हात वर न्यायच्या. मी "थांबा" म्हटलं की थांबायच्या. कित्येक आठवडे माझा आवाजच फुटला नाही. मी स्वतःवर चिडले, तर त्या म्हणाल्या, "खाली बसलीस म्हणून लहानपणी वाचलीस. शरीरावर रागावू नकोस."

एकदा मी थांबा म्हटलं, तरी त्यांचा हात जरा पुढे गेला. त्यांनी लगेच खाली घेतला. "माझं चुकलं. तू सांगितलंस आणि मी उशीर केला." मोठं माणूस माझ्यापुढे चूक कबूल करताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी मी खूप रडले.

मग दिवाळी आली. मम्मीचा फोन. "पाडव्याला ये बाई. ते आता पहिल्यासारके न्हाई ऱ्हायले. बापाला ववाळायला पोरगी न्हाई आली, तर लोक काय म्हनतील?"

मला जायचं होतं. पण मनाशी ठरवलं, या वेळी माझे हात डोक्यावर गेले तर पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं नाही.

पप्पा पाटावर बसले. काका-काकू, चुलतभावंडं भोवती. मी कुंकू लावलं, ओवाळलं. त्यांनी ताटात ओवाळणी टाकली. पाया पडून उठते तोच आशीर्वादाला त्यांचा हात वर आला. कानात घूं घूं व्हायला लागलं. खांदे वर चढले. मी पावलं फरशीत रुतवली.

"पप्पा, थांबा."

हात हवेतच राहिला. समई तडतडली. काकू म्हणाल्या, "अगं, बाप आशीर्वाद देतोय! इंग्लिश शाळंनं यडी केली का काय हिला?" कोणी हसलं नाही.

पप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. हात खाली घेतला. उठले आणि गोठ्याकडे गेले. माझे हात डोक्यावर गेले नव्हते.

दिवसभर माझ्याशी कोणी नीट बोललं नाही. पप्पा जेवायलाही आमच्यात बसले नाहीत. त्यांना राग आला की लाज वाटली, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावर बॅग भरत होते. मम्मी तेलाची वाटी घेऊन दारातच थांबली. लहानपणी ती मला धरून बसवायची आणि केस ओढत तेल चोळायची. या वेळी आत आली नाही.

"लावू का गं तेल?" तिने विचारलं. "नगं आसंल तर ऱ्हाऊ दे."

पुण्यात भाड्याची खोली आहे, तिथे मी निवांत झोपते. त्या खोलीला मी घर म्हणायला लागले होते. आता कोल्हारच्या त्या घरातली, मम्मी थांबली त्या उंबऱ्यापासून पलंगापर्यंतची एवढीशी जागाही मी घर म्हणून धरते. बाकीच्या घराचं अजून सांगता येत नाही.

"लाव," मी म्हटलं आणि तिच्याकडे पाठ करून बसले.