अर्ज आतून घेतला जाणार नाही

मुलींच्या त्या कॉलेजात प्रवेश घ्यायला येणाऱ्या पोरीला प्राचार्यांचं नाव ठाऊक नसलं तरी चालतं. दोन नंबरच्या खिडकीतल्या बाईंचा स्वभाव ठाऊक नसला, तर मात्र तिचं काही खरं नाही. मुली त्यांना खिडकीबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यासाठी आवाज खाली करायची तसदीही कुणी घेत नाही. बाईंनाही ते माहीत आहे. एकोणतीस वर्षं एकाच काचेमागे बसलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

काचेच्या तळाशी हात जाईल एवढं भोक आहे. काच बसवणाऱ्यानं ते कुणाच्या उंचीचं माप घेऊन केलं देव जाणे, पण बोलायचं तर प्रत्येकाला कमरेत वाकावं लागतं. भलेभले बाप बाईंपुढे वाकतात आणि वाकल्या वाकल्या वाद घालतात.

"तत्त्वज्ञान घेऊन पोरगी करणार काय, सांगा बरं."

"विचार करील."

"तो घरी बसूनही करता येतो की."

"घरी कुणी करू देत नाही," बाई म्हणतात आणि अर्ज पुढे ओढतात.

हे त्या अनुभवानं बोलतात. बाई याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. तत्त्वज्ञान घेऊन पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पास झाल्या आणि दुसऱ्या वर्षाचे दोन महिने गेले नाहीत तोच वडिलांना अर्धांगवायू झाला. कॉलेजच्या ऑफिसला तेव्हा कामाला एक मुलगी हवी होती. आई म्हणाली, दोन महिने बस, घर सावरलं की जा परत वर्गात. घर सावरायला वडिलांची अकरा वर्षं अंथरुणावर गेली, भावाचं शिक्षण गेलं, बहिणीचं गेलं. दोघं मार्गाला लागले आणि दोघांनीही ताईचे उपकार तोंडभरून मानले. ताई होती तिथेच राहिली. खुर्चीतून त्यांना समोरच्या जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या दिसतात, आणि त्या पायऱ्या चढून रोज सकाळी मुली दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जातात. वरची पाचवी पायरी बाईंना दिसत नाही. कधीकधी त्यांना वाटतं, आपण माणूस नसून खिडकीचाच एक भाग आहोत, बिजागरीसारखा. हे त्या कुणाला सांगत नाहीत. सांगून कोण काय करणार?

त्या वर्षी विद्यापीठाचं एक पत्रक आलं. शिक्षण अर्धवट सोडलेल्यांना सोडलं त्याच वर्षात पुन्हा प्रवेश द्यायची सवलत यंदा शेवटची. पुढच्या वर्षापासून जुने गुण रद्द. बाईंनी ते पत्रक स्वतःच्या हातानं फलकावर लावलं, आणि मग चार दिवस जाता-येता तेच वाचत राहिल्या. तत्त्वज्ञानाचा वर्ग सकाळी सात ते दहा, ऑफिस साडेदहाला. कुणाच्याही पोटावर पाय न देता जमण्यासारखं होतं. त्यांनी अर्ज भरला. आईला वाचून दाखवला, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे एवढं." आईच्या जिवाला ते दोन महिने किती लागून राहिले होते, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

कर्मचाऱ्याला शिकायचं असेल तर प्राचार्यांची परवानगी लागते. तो कागद हेडक्लार्कनं तीन आठवडे भिजत ठेवला. माणूस वाईट नव्हता, फक्त कोणताही कागद पिकल्याशिवाय पुढे जाऊ नये असं त्याचं मत होतं. रोज विचारलं की तो म्हणे, "होईल हो, घाई काय आहे?" अखेर सही झाली ती प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीनला. पाचच्या ठोक्याला विद्यापीठाचं संगणकावरचं पान आपोआप बंद होणार होतं.

दीड तास म्हणजे खूप झाला, असं कुणालाही वाटेल. पण त्या काचेवर एक पाटी होती: 'अर्ज विद्यार्थिनीने स्वतः रांगेत उभे राहून खिडकीतूनच द्यावा. आतून घेतला जाणार नाही.' पाटी बाईंचीच. फार वर्षांपूर्वी एका कारकुनानं आपल्या भाचीचा अर्ज आतल्या बाजूनं गठ्ठ्यात सरकवला होता, आणि पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या पोरीची जागा गेली होती. कुंपणच शेत खायला लागल्यावर काय करायचं? बाईंनी भांडून हा नियम करून घेतला आणि पुढे कुणासाठीही मोडला नाही. संस्थेच्या अध्यक्षांची सून रांगेत उभी राहिली. प्रवेशाच्या या शेवटच्या दिवशीही सकाळी एक आई लेकीचा अर्ज घेऊन आली होती. लेक तापानं फणफणलेली, घरी झोपून. बाईंनी तिलाही परत पाठवलं. "तिला घेऊन या, मी थांबते," म्हणाल्या. ती आई परत आली नाही.

आता बाईंना अर्ज द्यायचा तर काचेच्या पलीकडे उभं राहायला हवं, आणि घ्यायचा तर अलीकडे बसायला हवं. एक नंबरच्या खिडकीतली सहकारी गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडलेली, तिच्या संगणकाचा पासवर्डही तिच्याबरोबर घरी. रांगेत तिसाच्या वर मुली होत्या. बाईंनी मान खाली घातली आणि हात चालवला.

सव्वाचारला शिपायानं बाहेरचं फाटक लावलं. चार वीसला रांगेत नऊ मुली उरल्या, तेव्हा बाई उठल्या. "पाच मिनिटं बसता का इथे?" त्यांनी हेडक्लार्कला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता, पर्समधला अर्ज घेऊन मागच्या दारानं निघाल्या. लांबलचक बोळाला वळसा घालून त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

पुढची पोरगी वळून बघतच राहिली. "काकू, तुम्ही इकडे?"

"अर्ज द्यायचाय."

"कुणाचा?"

"माझा."

मुलीनं अर्जाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि ती हसली नाही. बाईंना ते फार बरं वाटलं. इथून काच वेगळीच दिसत होती. आतला माणूस दिसतच नव्हता, नुसता उजेड आणि एक हात. इतकी वर्षं आपण या पोरींना नुसता हात म्हणून दिसलो, या विचारानं त्यांना कसंसंच झालं.

पण तो हात चालेना. हेडक्लार्कचा आणि त्या संगणकाचा परिचय नावापुरताच. तो एक कळ दाबे, वाचे, डोकं खाजवे. मग आतून हाक येई, "अहो, जुनं गुणपत्रक कुठे चढवायचं?" आणि बाई रांगेच्या टोकावरून ओरडून सांगत, "उजवीकडे, तिसरं बटण." रांग हसत होती. बाईही एकदा हसल्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेपाच होत आले होते आणि नवातल्या तीनच मुली पार पडल्या होत्या.

हिशेब सोपा होता, म्हणूनच त्यांना संताप आला. या माणसाच्या हातून पाचपर्यंत आणखी दोन मुली होतील. उरलेल्या चार राहून जातील आणि त्यांच्या मागे बाईही. बाई आत बसल्या तर सहाच्या सहा होतील.

हे रांगेलाही कळलं होतं. सगळ्या माना मागे वळल्या. सगळ्यांत पुढच्या मुलीनं धीर करून म्हटलं, "काकू, तुम्ही माझ्या आधी जा. तुमचं झालं की आत जाऊन आमचं करा."

भली पोरगी होती. पण हेडक्लार्कला एका अर्जाला आठ मिनिटं लागत होती. बाईंचा होईपर्यंत जेमतेम तिघींपुरता वेळ उरला असता. कुठल्या तिघी राहून जातील हे बाईंना समोर दिसत होतं. शेवटून दुसरी हातातला फोटो परत परत पुसत होती.

"नको," बाई म्हणाल्या. त्या पुन्हा बोळाला वळसा घालून आत आल्या.

"मी म्हणतच होतो," हेडक्लार्क खुर्ची सोडत म्हणाला. नेमकं काय म्हणत होता ते त्यालाच ठाऊक. बाई बसल्या. एक मुलगी, दुसरी, तिसरी. अडीच मिनिटांत अर्ज निघत होता. आयुष्यात इतक्या वेगानं त्यांनी काम केलं नव्हतं. चौथीच्या वेळी हेडक्लार्क कानाशी वाकला. त्यालाही तीन आठवडे आता टोचायला लागले असावेत.

"ताई, तुमचा मध्येच घालून टाका. दोन मिनिटं. कोण बघतंय?"

बाईंचा अर्ज टेबलावर, मनगटाला लागून पडला होता. घालायला नुसता हात हलवायचा होता. त्यांचं मन इतकं झालं, इतकं झालं की हात अर्जावर गेलाही. मग त्यांना सकाळची ती आई आठवली. भोकापाशी वाकून, पोरीला एकशे तीन ताप आहे हो, असं चारचौघांत सांगणारी.

"आतून घेतला जात नाही," त्या म्हणाल्या.

"नियम तुमचाच, मोडायलाही तुम्हीच."

"सकाळी मोडायला हवा होता मग," बाई म्हणाल्या आणि पाचवीचा अर्ज पुढे ओढला. सहावीनं सही भलत्याच रकान्यात केली होती. ती खोडून पुन्हा करून घेण्यात उरलेली सगळी मिनिटं गेली. तिची पावती छापून बाहेर आली आणि पडद्यावरचं पान पांढरं झालं. मुलगी आभार मानून, उड्या मारत जिन्याकडे गेली. बाईंनी रोजच्यासारखी काचेची झडप ओढून घेतली, 'प्रवेश बंद' असा कागद लावला आणि पर्स उचलली.

घरी आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिनं चपला काढायलाही उसंत दिली नाही.

"झाला का गं प्रवेश?"

"नाही आई. पाचला प्रवेश बंद झाले."

आई गोंधळून लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिची समजूत पटेना. "अगं पण," ती म्हणाली, "बंद करणारी तूच ना?"

बाईंनी पर्स खुंटीला लावली. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण तेही येईना.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच."