वैयक्तिक कारणास्तव

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला गेनॉर हॅसलम घरी परत आली. मी शेजारी, माझ्या दाराशी, कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढत होते. अठरा वर्षांत ही बाई या वेळेला घरी आलेली मी पाहिली नव्हती.

"काय गं, बरं नाही का?"

"नोकरी सोडली," ती म्हणाली. बसमध्ये छत्री विसरले, असं सांगावं तसं. मग तिला किल्ली कुलपात घालता येईना, तेव्हा मीच दार उघडून दिलं.

इंग्लंडात लँकशरमधल्या आमच्या गावात दवाखाना एकच. गेनॉर तिथे पुढच्या खिडकीशी बसायची. सकाळी आठाला फोन सुरू व्हायचे आणि सव्वाआठच्या आत त्या दिवसाच्या डॉक्टरांच्या सगळ्या वेळा संपायच्या. पुढे संध्याकाळपर्यंत तिचं काम एकच, लोकांना नाही म्हणायचं. लोक शिव्या घालत. एकदा सुपरमार्केटात गोठवलेल्या मटारांपाशी एका बाईनं तिला गाठलं आणि चारचौघांत म्हणाली, "हीच ती! हिच्यामुळे माझी आई तडफडली." गेनॉरनं तिची माफी मागितली, मटार उचलले आणि घरी आली.

गेल्या वर्षभरात तिची झोप उडाली होती. छाती धडधडायची, पोट बिघडायचं. मी विचारलं की म्हणायची, "वय झालं गं, सत्तावन्न म्हणजे काय कमी?" नवरा केव्हाच दुसरीबरोबर स्पेनला गेलेला, मूलबाळ नाही. तिच्याकडे दुसरं बघणारं कोण?

त्या मंगळवारी काय झालं ते तिनं मला एवढंच सांगितलं: "काल एक म्हातारबाबा फोनवर होते. मी म्हटलं, आज जागा नाही, उद्या करा. ते म्हणाले, 'काही हरकत नाही बाळ, माझ्याहून जास्त दुखणारे असतील.' आज आठाला त्यांच्या मुलीचा फोन आला. वडील रात्रीच गेले, म्हणून नाव काढून टाका म्हणाली."

नाव तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गाव लहान आहे.

दुपारी तिनं राजीनामा लिहिला. मी वाचला आणि कपाळावर हात मारला. 'वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे. इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार.'

"आभार? कशाचे आभार?"

"पद्धत असते अगं. कुणाचं मन कशाला दुखवायचं?"

शिलकीवर तिनं महिना काढला. मग मीच मागे लागून तिला सरकारी भत्त्याचा अर्ज भरायला लावला. मुलाखतीला बरोबरही गेले. टेबलापलीकडे सोबिया नावाची तरुण मुलगी होती, वागायला चांगली.

"नोकरी तुम्ही स्वतःहून सोडलीत का, मिसेस हॅसलम?"

"हो."

"कारण?"

"ताण."

"डॉक्टरांचा काही कागद?"

"नाही."

"साहेबांच्या कानावर घातलं होतं?"

"आमची मॅनेजर स्वतःच संडासात जाऊन रडायची. तिला काय सांगणार?"

सोबियानं टंकायचं थांबवलं. "काही विशेष घडलं होतं का? असेल तर सांगा, उपयोग होईल."

मी टेबलाखालून गेनॉरच्या पायाला पाय लावला. तिनं हातमोजे पिशवीत ठेवले. म्हणाली, "दवाखान्यातलं बाहेर बोलायचं नसतं."

बाहेर आल्यावर मी तिला वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, "तो माणूस गेला म्हणून त्याचं दुखणं गावाचं होत नाही."

दहा दिवसांनी निर्णय आला. ती फोन हातात धरून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सबळ कारण नसताना स्वेच्छेनं नोकरी सोडली, म्हणून एक्याण्णव दिवस खर्चाचा भत्ता बंद. आणि खाली आधार म्हणून काय दिलं होतं? दवाखान्यानं पाठवलेलं तिचंच पत्र. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द, आणि ते आभारसुद्धा. नोकरीवर समाधानी होत्या असं दिसतं, असा त्याचा अर्थ काढलेला.

"माझंच लिहिलेलं," ती म्हणाली. "सोळाव्या वर्षापासून पगारातून सरकारी विम्याचे पैसे कापून देतेय. आणि मीच लिहिलेलं…"

मी तिला खुर्चीवर बसवलं. चहा ठेवला तो तसाच गार झाला.

फेरविचाराचा अर्ज करता येतो, पण त्याला डॉक्टरांचा कागद हवा. आणि तिचे डॉक्टर कुठले? त्याच दवाखान्यातले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला ती माझ्या सोफ्यावर बसून तो नंबर लावत होती. फोनच्या रांगेत एकतिसावी, नंबर येईपर्यंत वेळा संपल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी चोविसावी. तिसऱ्या दिवशी फोन उचलला कर्स्टीनं. ही पोरगी गेनॉरनंच तयार केलेली.

मी स्पीकरवरून ऐकत होते. "क्षमस्व, आजच्या सगळ्या वेळा भरल्या आहेत. उद्या सकाळी आठ वाजता पुन्हा प्रयत्न कराल का? आपल्या सहकार्याबद्दल…" आणि मग एकदम, "गेनॉर? तू आहेस?"

गेनॉरनं फोन ठेवला.

"हे शब्द मी शिकवले तिला. अगदी हाच आवाज. मी अशी बोलत होते?"

"तू तुझं काम करत होतीस."

"अशी बोलत होते मी," ती पुन्हा म्हणाली.

तासाभरात कर्स्टीचा उलटा फोन आला. तिनं डॉक्टर अडेयेमीबाईंना गाठून सांगितलं होतं. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत बोलावलं.

मी बाहेर बाकावर बसले. दहा मिनिटांची भेट, पाऊण तास झाला. गेनॉर बाहेर आली ती थेट गाडीकडे गेली. गाडीत बसल्यावर बोलली.

"चौदा महिन्यांत मी अकरा वेळा दाखवलंय म्हणे. धडधड, पोट, झोप. दर वेळी डॉक्टर वेगळा, दर वेळी वेगळी गोळी. त्यांनी सगळं वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचलं. मी म्हटलं, ही कोण बाई? एवढी आजारी?"

"आणि डॉक्टरीण काय म्हणाली?"

"म्हणाली, 'रोज सकाळी तुमच्यासमोरून गेले, कशा आहात विचारलं, तुम्ही बऱ्या म्हणालात आणि मी पुढे गेले.'" ती थांबली. "मग मी त्या म्हातारबाबांचं सांगितलं. तिथे सांगायला हरकत नव्हती. तर त्या एकदम खुर्चीत मागे टेकल्या. ते बाबा आदल्या शुक्रवारी त्यांच्याकडेच आले होते. स्नायूचं दुखणं आहे म्हणून त्यांनीच घरी पाठवलं होतं. तेव्हापासून त्यांनाही झोप नाही."

मी गाडी सुरू केली.

"हे तू ऐकलं नाहीस हं," गेनॉर म्हणाली.

"नाही ऐकलं."

डॉक्टरांनी दोन पानं लिहून दिली, अकराच्या अकरा तारखांसकट. पाच आठवड्यांनी निर्णय फिरला. थांबवलेले पैसे मिळाले, आणि तीन महिने काम शोधायची सक्ती नाही असंही कळवलं. तो निरोप आला तेव्हा आम्ही बाजारात होतो. मला वाटलं उडी मारेल. ती मटणवाल्याच्या गाळ्यासमोरच्या कट्ट्यावर बसली.

"बाई तीच. झालं तेही तेच," ती म्हणाली. "तेव्हा खोटी, आता खरी. ज्यांना कर्स्टी भेटत नाही त्यांचं काय होत असेल गं?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

सप्टेंबरपासून ती गावाबाहेरच्या रोपवाटिकेत आठवड्याचे तीन दिवस जाते. पगार कमी आहे. मालकानं पहिल्याच दिवशी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? तिनं त्याला उलट्या बादलीवर बसवलं आणि अर्धा तास सांगितलं, नावं सोडून सगळं. तो बिचारा ऐकून घाबरला आणि म्हणाला, "सोमवारी येशील ना पण?"