रिकाम्या हातांनी

कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. धुळ्याच्या आमच्या शाळेत टपाल मधल्या सुट्टीत येतं. शिपायानं ते कार्ड बाकीच्या टपालाखाली सरकवून माझ्या टेबलावर ठेवलं आणि तो बाहेर गेला. जळगावहून अक्कांच्या घरमालकिणीनं लिहिलं होतं. अक्का गेल्या होत्या, आणि कार्ड माझ्या हाती पडेपर्यंत सगळं आटोपलंही होतं. सुट्टीनंतर माझा गणिताचा तास होता, तो मी घेतला. मुलींना काही कळलं नसावं... तास कसा घ्यावा हे मी अक्कांकडूनच शिकले होते.

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मूळच्या साक्रीकडच्या, लहानपणीच विधवा झालेल्या, जळगावच्या मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. एका खोलीत एकट्या राहत. नोकरी शोधणाऱ्या मुली त्यांच्याकडे येत, कारण नोकरी कशी मागायची हे सांगणारं घरी कोणी नसे. मी सावद्याची. केळीचा घड कधी कापायचा हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना कळे, पण अर्ज लिहायची वेळ कोणावर आलीच नव्हती. माझ्या पहिल्या अर्जात मायबाप सरकार होतं, गरिबावर कृपा होती, वडिलांचा हलाखीचा संसारही होता. अक्कांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, यात तुला काय येतं ते कुठे लिहिलंय? मग मी तो पुन्हा लिहिला, आणि त्यानंतर आणखी एकदा. शिक्षण काय, कोणत्या वर्गाला शिकवू शकेन, शिवणकाम येतं, एवढंच उरलं. वाचताना मला तो फार उघडा वाटला होता.

त्यांच्या खोलीत एक लाकडी खुर्ची होती, बिनहातांची. समोर खाटेवर बसून अक्का साहेब होत आणि आम्हाला दाराबाहेर उभं करत. ‘आत येऊ का?’ विचारायचं, ‘या’ म्हटल्यावर आत यायचं, ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसायचं नाही. हात मांडीवर, पदराशी चाळा नको. उत्तर येत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, पुटपुटायचं नाही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी जाऊन कचेरी बघून यायची, म्हणजे सकाळी पाय आपोआप तिकडे वळतात. नोकरी लागल्यावर पहिलं वर्ष दुसऱ्यांना नको असलेलं काम मागून घ्यायचं आणि पुढची परीक्षा सोडायची नाही. एखादीला सगळं नीट जमलं की अक्कांचा साहेब विरघळून जाई आणि साक्रीची बोली वर येई, ‘बठ्ठं ठीक शे. आते जाय,’ म्हणजे सगळं ठीक आहे, आता जा.

माझ्या मुलाखतीच्या दिवशी वडील, म्हणजे आबा, माझ्यासोबत जळगावला आले ते केळीचा घड खांद्यावर घेऊन. मळ्यातला सगळ्यांत देखणा घड होता. तो आधी साहेबांच्या बंगल्यावर पोहोचवायचा आणि मग मी कचेरीत जायचं, असा त्यांचा बेत. अक्कांनी त्यांना ओसरीवरच थांबवलं.

‘मोठ्या मानसाच्या दारी हात हालवत जायाचं?’ आबा म्हणाले. ‘लोक काय म्हनतीन?’

‘घड बंगल्यावर चढला की पोरगी खाली राहिली, आबा.’

आबा चिडले. आम्ही लाच देतो का, पाहुण्याच्या घरी जाताना नेतो तसंच हे, असं बरंच बोलले. तेव्हा अक्कांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांच्या मुलाखतीआधी भावानं साहेबांकडे भुईमुगाच्या शेंगांची टोपली पोहोचवली होती. नोकरी लागली. कदाचित त्यांच्या गुणांनीच लागली असेल, पण ते त्यांना कधीच कळलं नाही. शिक्षकांच्या खोलीत मात्र निवृत्त होईपर्यंत त्या ‘शेंगावाल्या बाई’ राहिल्या.

‘रिकाम्या हातानं जा, सिंधू,’ त्या मला म्हणाल्या. ‘म्हणजे जे मिळेल ते तुझंच असेल.’

मी तशी गेले. आबा समोरच्या कडुलिंबाखाली रुसून बसून राहिले. घड अक्कांनी आळीत वाटून टाकला, स्वतः एकही केळ घेतलं नाही. मला जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा आबांनी फक्त विचारलं, ‘त्यायनं काहीच नही मागलं?’

पुढची वर्षं मी जळगावातच होते. शाळा सुटली की अक्कांकडे जायची. त्या वाचत असत, मीही पुस्तक उघडून बसे, अंधार पडला की दोघींसाठी त्या खिचडी टाकत. एव्हाना त्यांच्या मुली पांगल्या होत्या, कोणी रावेरला, कोणी नाशकाकडे. जिला नीट शिकवलं ती गेली, हे अक्कांच्या बाबतीत ठरलेलंच होतं. मी तेवढी राहिले होते. मग धुळ्याला मुख्याध्यापिकेची जागा निघाली. मी अर्ज केला नव्हता. ते अक्कांना कळलं आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा दाराबाहेर उभं केलं.

‘या. बसा. ही जागा तुम्हाला का हवी?’

‘नकोय मला,’ मी म्हटलं. ‘इथे तुम्ही एकट्या राहाल.’

खाली रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या. अक्कांनी दाराकडे बोट केलं.

‘बाहेर जा. पुन्हा आत ये.’

उत्तर नीट येईपर्यंत त्यांनी मला कितीदा तरी आत-बाहेर करायला लावलं. शेवटी मी मोठी जबाबदारी, नवी शाळा, माझी तयारी असं सगळं सांगितलं. त्या वेळी त्या ‘ठीक शे’ म्हणाल्या नाहीत. नुसती मान हलवली आणि चुलीकडे वळल्या.

धुळ्याहून मी सुट्टीत जात असे, पुढेपुढे मोठ्या सुट्टीतच. गेल्या दिवाळीत निघताना त्या दारापर्यंत आल्या होत्या... तेवढंच.

परवा जळगावला गेले. घरमालकिणीनं किल्ली दिली. काही न्यायचं असेल तर घेऊन जा म्हणाली. वाटेत बाजारात केळी दिसली होती, सवयीनं थांबलेही, पण घेतली नाहीत. दार उघडलं. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती आणि खुर्ची होती तिथेच, खाटेकडे तोंड करून. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून ‘आत येऊ का?’ विचारलं. मग आत गेले, खुर्चीशी थांबले. हात रिकामे होते, पदर नीट होता.

समोरून कोणी ‘बसा’ म्हटलं नाही. बराच वेळ मी उभीच होते.