वाट्याविना मासळी

व्हिडिओ गेममध्ये मी आजवर जेवढे मासे पकडलेत, तेवढे आमच्या गावच्या तलावातही नसतील. सगळीकडे रीत एकच. काठावर उभं राहायचं, बटण दाबायचं, एक हिरवी पट्टी वरखाली होते तिच्यामागे बोट नाचवायचं, की मासा पिशवीत. तलाव कुणाचा, हे कुणी विचारत नाही. पावसाळ्यात मासे अंडी घालतात तेव्हा जाळं बंद ठेवायचं असतं, हे कुणाच्या गावीही नसतं. मी तलावावर जगणाऱ्या घरातली मुलगी आहे आणि दहावीपासून गेम खेळते आहे. ती हिरवी पट्टी दिसली की माझं डोकं फिरतं.

मोठ्या कंपन्यांच्या गेमकडून मला अपेक्षाच नाही. माझं भांडण आहे ते ‘इंडी’वाल्यांशी. इंडी म्हणजे स्वतंत्र. डोक्यावर कंपनी नाही, दोन-चार जणांनी घरी बसून केलेला गेम. हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा मी भाळलेच होते. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. तलावावर हक्क गावाचा, वनहक्काचे दावे भरा, दारूची दुकानं हटवा. वडील मोर्चातून ती खिशात घडी घालून आणायचे आणि मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे. दोन-तीन माणसांनी कुणाची परवानगी न मागता मनातलं छापावं आणि लोकांच्या हातात द्यावं, याहून मोठं काही मला ठाऊक नव्हतं. इंडी गेम मला तसेच वाटले. सिंदेवाहीच्या संगणक केंद्रात मी असा एक गेम खेळले होते. त्यात एका म्हातारीला बसनं दवाखान्यात न्यायचं, एवढंच काम. बस चुकली की चुकली, पुन्हा सुरू करायची सोय नाही. त्या गेमपायी मी तीन दिवस शिकवणी बुडवली.

आणि आता? ज्यांच्यावर साहेब नाही, तेही साहेबाला आवडेल असंच करतात. शहरात दमलेली नायिका नोकरी सोडते, तिला खेड्यात आयतं शेत मिळतं, आणि अख्खं गाव जणू जन्मापासून तिचीच वाट बघत उभं असतं. तीन घाव घातले की झाड पडतं, साग असो की मोह. वनरक्षक येत नाही, धानात रानडुक्कर घुसत नाही, गावातल्या माणसाला स्वतःचं काही काम नसतं. वर लिहिलेलं असतं, ‘प्रेमानं बनवलेला गेम’. प्रेमानं केलं की विचार करायची गरज उरत नाही, असं यांना कुणी सांगितलं?

हे सगळं मी इंटरनेटवर लिहीत असे. ते वाचून पुण्याच्या दोघांनी मला गाठलं. ते मोहर्लीच्या जंगलात सफारीसाठी आले होते आणि तिथून त्यांना जंगलाकडच्या गावावर गेम करायचं सुचलं होतं. एक जण चित्रं काढायचा, दुसरा प्रोग्रॅम लिहायचा. “आम्ही चुकतो तिथं आम्हाला थांबव,” दुसरा म्हणाला. मला तो माणूस आवडला. गावातल्या माणसांची बोलणी मी लिहायची आणि शेवटच्या यादीत माझं नाव येणार, असं ठरलं. चंद्रपूरला मी ज्यांच्यासोबत खोलीत राहते त्या सगळ्यांना मी त्याच दिवशी सांगून टाकलं.

हिवाळ्यात आमच्या तलावात मोठं जाळं पडलं, तेव्हा मी त्या दोघांना गावी नेलं. मोठं जाळं एकट्यादुकट्यानं ओढत नाहीत. दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि सगळ्यांनी एकदम ओढावं म्हणून एक जण हाक देतो. आमच्याकडे ती हाक वडील देतात. दोघांनी ती फोनवर रेकॉर्ड केली, पँट वर करून स्वतःही थोडा वेळ दोर ओढला. मग पळसाच्या पानांवर वाटे लागले. गावाचा नियम साधा आहे. दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. आणि वाटे लावणारा स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी उचलतो. म्हणजे त्याला लहानमोठं करावंसंच वाटत नाही. पुण्याच्या दोघांसाठीही दोन पानं मांडली होती. ते लाजून मागे सरकले.

“घ्या साहेब, लाजता काऊन?” शेजारचे एक भाऊ म्हणाले. “पुण्यापर्यंत वास येईन, पण वासाले तिकीट नाई लागत.”

दोघं खूप हसले. पानांचे फोटो काढले. मासे आमच्याच घरी ठेवून गेले.

चार महिन्यांनी गेमचा नमुना आला. मी तो गावी नेला आणि दुपारी ओसरीवर लॅपटॉप वडिलांसमोर ठेवला. बाण कोणते आणि बटण कोणतं ते दाखवलं. गेममधला माणूस वडिलांवरूनच काढला होता.

“हा मी हाय?” ते म्हणाले. “पोट काऊन येवढं काढलं बाप्पा?”

मग त्यांचीच हाक वाजली. ओऽऽढ रे, थांऽऽब. वडील एकदम ताठ बसले. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा. अर्ध्या गावाला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं; ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर गेम लावायचं ठरलं होतं.

पडद्यावर जाळं आलं. चित्र सुंदर होतं, तेवढं मान्य करते. पाण्याचा रंग अगदी आमच्या तलावाचा. मासे चमकत वर आले आणि सगळेच्या सगळे वडिलांच्या पिशवीत गेले. दोर ओढणारे आठ जण जागच्या जागी उभे राहिले.

“झालं बाबा. आता घरी जायचं.”

“अन् या आठ जणाइचे?”

वडिलांनी माणूस चालवला आणि पहिल्या गड्यासमोर नेऊन उभा केला. बटण दाबलं. तो म्हणाला, “भाऊ, आज पाणी लय थंड हाय.” हे वाक्य मीच लिहिलं होतं. वडील दुसऱ्याकडे गेले, तिसऱ्याकडे गेले. प्रत्येक जण पाण्याचंच बोलला. आठही जण झाले.

“याले मासा द्याचं बटन कोणतं व बाई?”

“नाई हाय बाबा.”

“नाई म्हंजे? उद्या भेटन?”

“उद्याही नाई.”

त्यांनी एक एक करून सगळी बटणं दाबून पाहिली. गेममध्ये संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पुन्हा संध्याकाळ झाली. वडील तलावावरून हलायला तयार नव्हते.

“दोन दिवस झाले, मासा सडला नाई?”

“गेममध्ये सडत नाई.”

“म्हून. सडते म्हून तं माणूस लवकर वाटून टाकते.” मग त्यांनी पडद्यावरच्या आठ जणांकडे बोट केलं. “पण मले सांग, भेटनच नाई तं हे ओढून काऊन राह्यले?”

एवढी वर्षं मी इंटरनेटवर पानंच्या पानं लिहिली, पण हा प्रश्न मला विचारता आला नव्हता.

“आवाज काढून टाका म्हणू का त्यांना?” मी विचारलं. आवाज त्यांचा होता; ठरवायचं त्यांनीच होतं.

“एकडाव अखीन आयकव,” ते म्हणाले. मी ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकलं.

“वाटे लावत असन तं ठेवा म्हण. नाई तं माह्यावाला आवाज वापस.”

मी तिथूनच फोन लावला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं उचलला.

“काका काय म्हणाले? आवडला ना?”

मी सांगितलं. तो सुस्कारा टाकून म्हणाला, “अगं, आधी ठेवले होते वाटे. गेम तपासणारे टेस्टर वैतागले. मेहनत आम्ही करायची आणि मासे दुसऱ्यांना का, म्हणतात.”

“मेहनत नऊ जणांनी केली. टेस्टरनं बटण दाबलं.”

“बरं, ऑप्शन देऊ. मासे दान केले की गावकऱ्यांची मैत्री वाढेल, वर हार्ट दिसतील.”

“दान? तुम्ही दोघांनी दोर ओढला तेव्हा तुम्हाला आम्ही दान दिलं होतं का?”

“तू फार मनावर घेतेस. शेवटी गेम आहे.”

इथं माझा आवाज चढला. “गेम आहे म्हणूनच! चित्र काढा, गाणं काढा, मागे उरतो तो नियम. गेम म्हणजे नियमच. तुम्ही आमचं पाणी घेतलं, बोली घेतली, बाबांचं पोटसुद्धा घेतलं. नियम तेवढा काठावर टाकलात.”

दोन दिवसांत कळवतो, म्हणाला. शब्दाला जागला. दोन दिवसांनी नवा नमुना आला, सोबत दोन ओळी. निर्णय अवघड होता, काकांच्या मताचा आदर आहे, आवाज काढला आहे. मीही माझी वाक्यं परत मागितली आणि यादीतून नाव काढायला सांगितलं. खोलीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, मूर्ख आहेस. असेन. मला त्या यादीत नाव हवं होतं, अजूनही कुठल्यातरी चांगल्या गेमच्या यादीत हवं आहे.

नवा नमुना मी वडिलांना दाखवला. आठ जण मुकाट्यानं ओढत होते.

“बिना हाकेचं जाल सरळ आलं?” त्यांनी विचारलं.

“आलं.”

“मंग त्यायले आपली गरजच नोती.” त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

पुढच्या हिवाळ्यात जाळं पडलं तेव्हा मी सुट्टी काढून गेले. काठावर तेच शेजारचे भाऊ टपून होते. “काय भाऊ, टीव्हीवर आयकू येनार होता ना तुमचा आवाज? काय झालं?”

“वापस आणला,” वडील म्हणाले. “वाटे नोते लावून राह्यले ते.”

भाऊंनी मान हलवली. दोराचं टोक उचललं. वडील पाण्यात उतरले, हाक दिली, आणि दोर धरूनही मी सगळ्यांबरोबर ओढायला एक क्षण चुकले.

“बटन नाई हाय ते,” ते माझ्यावर ओरडले. “जोर लाव!”