जास्वंदीवरची माशी

नोव्हेंबरची नऊ तारीख, रविवार. शेळ्यांच्या गोठ्याला चुना लावायला काढला होता. पावसात चिऱ्याची भिंत काळी पडली होती आणि दिवाळी होऊन गेली तरी ते काम तसंच राहिलं होतं. अर्धी भिंत पांढरी झाली, वाळली, ऊन आलं, तशी तिच्यावर एक माशी येऊन बसली. काळ्या भिंतीवर ती मला जन्मात दिसली नसती. मधमाशीएवढी, राखाडी, अंगभर काळे ठिपके, डोकं रुंद. हाकलली तरी हलेना. मी तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घातला.

मला माशांची हौस नाही. पण माझी दुभती शेळी पंधरा दिवस शिंकत होती. नाक गळायचं, ते ती दगडावर घासायची आणि दोन दिवसांपासून चालताना झोकांड्या खायला लागली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी सर्दी म्हणून औषध दिलं. झोकांड्यांचं कळल्यावर म्हणाले, "मेंदूत किडा गेला असेल. आता काही होणार नाही." हे फोनवरूनच. म्हणून हातखंब्याचा खाटीक दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्यायला यायचा होता. तिची दोन करडं अजून पीत होती. त्यातच कालपासून दुसरी शेळीही शिंकू लागली होती. एक गेली तर गेली म्हणता येतं, पण दुसरीही त्याच वाटेला लागल्यावर कारण शोधावंच लागतं.

माझे धाकटे दीर मुंबईची नोकरी संपवून गावी राहायला आले आहेत. येताना हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन आले. फोनवर निसर्गप्रेमींचा एक गट चालवतात आणि मला न विचारता मलाही त्यात घालून ठेवलं आहे. रोज सकाळी फुलावर बसलेलं काहीतरी येतं, खाली सुविचार. फुलाशिवाय किडा दाखवायचा म्हणजे या मंडळींना कुंकवाशिवाय हळदीकुंकू केल्यासारखं वाटत असावं.

"भावोजी, ही कसली माशी ते तुमच्या लोकांना विचारा. उद्या सकाळच्या आत कळायला हवं."

माशी तोवर मेली होती. भावोजी तिला ग्लाससकट घेऊन गेले. मी चुना लावत राहिले. तासाभराने गटात फोटो आला. माशी आमच्याच अंगणातल्या जास्वंदीवर! पाय नीट पसरून बसवलेले, पाकळीवर पाणी शिंपडून दव केलेलं, आणि रंग इतके खुलवलेले की राखाडी माशी सोन्याची झाली होती. खाली लिहिलं होतं, ‘कोवळ्या उन्हात मध गोळा करताना. ओळखा पाहू!’ तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

मग विद्वत्तेला पूर आला. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मधमाशी म्हणून निकाल दिला. मंडणगडच्या एका गृहस्थांनी गोमाशी म्हटलं आणि ती चावल्यावर काय लावायचं तेही सांगून टाकलं. बाकीच्यांनी ‘वा सर, काय टिपलंय!’ म्हणून हात जोडले. कुठे सापडली, हे एकानेही विचारलं नाही.

"भावोजी, मेलेली माशी मध गोळा करते?"

"वहिनी, फोटोला जरा सौंदर्य लागतं. गोठ्याची भिंत कोण बघणार?"

"शेळी बघते रोज."

"अहो, द्या ती शेळी आता. कशाला जीव गुंतवता?"

"शेळीचं मी बघते. तुम्ही माशी द्या."

मी गटात पहिल्यांदाच लिहिलं: ‘ही माशी शेळ्यांच्या गोठ्यात भिंतीवर होती. मेल्यावर फुलावर ठेवली.’ पाच मिनिटांनी एका बाईंचा मला वेगळा निरोप आला. त्या शहरातल्या कॉलेजात शिकवतात, माशांचाच अभ्यास करतात, गटात कधी बोलत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, ‘फूल नको. पांढऱ्या ताटलीत ठेवा, शेजारी काडीपेटीतली काडी. वरून, बाजूने, पंख जवळून, आणि तोंड खालून.’ नमस्कार नाही, सुविचार नाही. मला बाई आवडल्या.

मी तसे फोटो काढून पाठवले. दिवेलागणीच्या आधीच त्यांचा फोन आला.

"हिला चावायला तोंडच नाही, बघितलंत? डोक्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत. पंखातली एक शीर कडेला पोचायच्या आधीच वळून दुसरीला मिळते. ही शेळ्या-मेंढ्यांच्या नाकात जिवंत अळ्या सोडते. आपल्या किनाऱ्यावरून माझ्याकडे हिचा फोटो पहिल्यांदाच येतोय. तुमची शेळी शिंकते का?"

शेळीबद्दल मी त्यांना अक्षरही सांगितलं नव्हतं.

"शिंकते. झोकांड्याही खाते. डॉक्टर मेंदूत किडा म्हणतात."

"नाकातल्या अळ्यांनीही झोकांड्या जातात. तुमच्या शेळीला तेच झालंय हे मी माशीच्या फोटोवरून सांगू शकत नाही. पण याला औषध आहे. आधी ते करून बघा."

बाईंनी सांगितलेलं माशीचं नाव मी दिरांना कळवलं. अर्ध्या तासात तोच जास्वंदीचा फोटो गटात पुन्हा आला, या वेळी बरोबर नाव घालून आणि कोपऱ्यात स्वतःची सही करून. ‘दुर्मीळ नोंद! अभिनंदन सर!’ मुख्याध्यापकांनी तर आपल्याला आधीपासून शंका होती असं कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खाटीक दोरी घेऊन आला.

"काय बाय, ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. आता नाही देत. चहा घ्या."

चहा पिऊन तो दोरी घेऊन परत गेला. मी दोन्ही शेळ्या टेम्पोत चढवून दवाखान्यात नेल्या आणि डॉक्टरांच्या पुढ्यात फोन ठेवला. त्यांनी ताटलीतली माशी बघितली, मग पंधरा दिवसांत पहिल्यांदा शेळीची हनुवटी वर केली.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"आधी भिंत काळी होती."

दोघींना इंजेक्शन दिलं. दूध काही दिवस टाकून द्या म्हणाले, करडांना वरचं पाजा, आणि चार दिवसांत कळेल. घरी येऊन शेळ्या बांधल्या तर दीर कॅमेरा घेऊन हजर.

"वहिनी, शिंकेतून अळी पडली तर लगेच हाक मारा हं."

मी त्यांच्या हातात कुंचला दिला आणि उरलेल्या भिंतीला त्यांच्याकडून चुना लावून घेतला.