सूत तुटतं तिथे

बाबा आयुष्यभर हातमागावर विणत आले, विणताना भजनं म्हणत आले. प्रतापनगरच्या घरी मी त्यांचं एक भजन रेकॉर्ड केलं. जुन्या कॉम्प्युटरवर लोड आला आणि रेकॉर्डिंगमध्येच आवाज जागोजागी तुटला. हेडफोन लावून बाबा म्हणाले, "सूत काहून तुटून राहिलं गा?"

म्हटलं, नवी मशीन आणतो, मग परत म्हणा.

दुकानदार महागडं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारत होता. मी भडकलो. मला काय गेम खेळायचे होते? दमदार प्रोसेसर आणि भरपूर रॅम घेऊन आलो. मशीन जोडायच्या आधीच बाबा गेले.

आता कितीही ट्रॅक लादा, ती अडखळत नाही. त्या रेकॉर्डिंगमधला बाबांचा आवाज मात्र तिथेच तुटतो. मागावरचं तुटलेलं सूत ते बोलता बोलता सांधायचे. हे कोणाकडून सांधून घेऊ?