हळदीचा खोकला

दादा, तू लढाईवर गेलास त्याच वर्षी आम्हीही कडेगाव सोडलं. मोटारीच्या टपावर माझी पत्र्याची पेटी आणि मांडीवर दोन वर्षांची शांता. आईने खिडकीतून हळकुंडांची पुरचुंडी दिली. "खोकला आला तर दुधातनं घे. शेरगावात कोन बगनार हाय तुला?" मी चालले होते सांगलीच्या हळदपेठेतच कामाला, पण आईला कोण सांगणार.

हे पेठेत हमाली करायचे. मी आणि आणखी एक बाई हळद घासायचा ड्रम हाताने फिरवायचो. धूळ अशी उडायची की लुगड्याचा रंग ओळखू येत नसे. वर्षभरात मला खोकला लागला, तो जाईना. शेजारणी पाण्याचा तांब्या दुरून सरकवू लागल्या. क्षय हा शब्द कुणी काढला नाही, पण आई आली आणि शांताला घेऊन गेली. "लेकरू तरी जगू दे, बाई," म्हणाली. मला तिचा राग आला आणि तिचं पटलंही. मी दूध-हळद दुप्पट केली.

पुढे सहा महिन्यांनी ह्यांनी मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, थुंकी तपासली, ताप येतो का, वजन उतरलं का, सगळं विचारलं. दूध-हळद घेते तेही मी सांगितलं.

"खोकला कमी कधी असतो?"

"पेठ बंद असती तवा. दिवाळीत तर नव्हताच."

डॉक्टर हसले. "क्षय नाही. दिवसभर हळद नाकातून घेता आणि वर दुधातून. आधी ते काम सोडा."

बाटलीभर औषध दिलं, पण खरं औषध तेवढं एक वाक्य होतं. मी पेठ सोडली, बाजारात वांगी विकायला बसले. दोन महिन्यांत खोकला थांबला. तेव्हापासून गावाकडचं कुणी खोकत आलं की मी आधी त्याचं काम विचारते आणि मग हाताला धरून डॉक्टरकडे नेते.

शांताला आणायला गेले, तर ती दारातूनच म्हणाली, "आये, लांब बस." आजीची शिकवण. मी अंगणात बसले. दुपार कलली, मी एकदाही खोकले नाही, तेव्हा कुठे ती मांडीत येऊन बसली.

आई डोळे पुसत म्हणाली, "आता हितंच ऱ्हा."

"न्हाई आये. शेवटची मोटार धरून घरी जाते."

दादा, कडेगावच्या आपल्या अंगणात बसून मी सांगलीला घर म्हणाले. आईने ते ऐकलं. ती शांताची झबली बांधायला उठली.